ओळखीच्या घरांतून स्कॉटलंड: विद्यार्थ्याच्या खिशाला परवडणारी दहा रात्रींची फेरी

ग्लासगोत मास्टर्स करत असताना मेअखेरीस परीक्षा संपली आणि प्रबंधाचं काम सुरू होईपर्यंत अकरा दिवस मोकळे मिळाले. खोलीचं भाडं बाजूला काढल्यावर हाताशी 300 पौंड होते. तेवढ्यात मी फाइफचा किनारा, एल्गिन, इनव्हरनेस, स्काय बेट, फोर्ट विल्यम असा वळसा घालून परत आले. सव्वाशेच्या आसपास पौंड प्रवासावर गेले, शंभरेक तीन रात्रींच्या खाटेवर आणि उरलेले खाण्यापिण्यावर नि भेटवस्तूंवर. बाकीच्या सात रात्री मी मित्रमैत्रिणींच्या नातेवाइकांकडे राहिले. उन्हाळ्यात इथल्या वसतिगृहातली साधी खाटही रात्रीला 30 पौंडांच्या घरात किंवा वर जाते. त्या सात रात्रींनीच माझी सहल शक्य केली.

नवीन आलेली मुलं मला आधी तिकिटांचं विचारतात. तिकिटांचं सांगतेच, पण आधी घरांचं सांगणार आहे. तिकीट चुकलं तर पैसे जातात. कुणाच्या घरी वागणं चुकलं तर ज्या मित्राने तुमच्यासाठी शब्द टाकला, त्याचा शब्द जातो.

आधी घरं, मग नकाशा

आपण सहसा ठिकाणं ठरवतो आणि मग राहायला जागा शोधतो. इथे उलट करा. एका कागदावर लिहा: वर्गातल्या, घरातल्या, कामावरच्या कुणाकुणाचं कोण कुठे राहतं. माझ्या फ्लॅटमधल्या स्कॉटिश मैत्रिणीची आजी फाइफमधल्या एका कोळ्यांच्या गावात होती, पुण्याच्या मैत्रिणीचे काका-काकू एल्गिनला, प्रयोगशाळेतल्या जोडीदाराची बहीण इनव्हरनेसला. शिवाय त्याच फ्लॅटमधल्या मैत्रिणीच्या आईची एक मावसबहीण स्कायवर, पोर्ट्रीजवळ होती. हे चार ठिपके जोडले आणि माझा मार्ग ठरला. ग्लेनकोची दरी मला फार बघायची होती, पण तिथे कुणी नव्हतं, म्हणून ती बसच्या खिडकीतून बघायचं पुढे कधीतरी ठेवलं.

विचारायचं कुणी? तुम्ही नाही, मित्राने. ज्याचं नातं आहे त्यानेच फोन करावा, आणि तुम्ही समोर नसताना करावा, म्हणजे पलीकडच्या माणसाला मोकळेपणाने नाही म्हणता येतं. होकार आला की मग तुम्ही स्वतः निरोप पाठवा. त्यात तारखा, किती रात्री, कुठल्या गाडीने किती वाजता पोहोचणार, स्टेशनवर कुणी यायची गरज नाही आणि जेवणात काय चालत नाही, एवढं स्पष्ट असावं. एल्गिनच्या काकूंना मी लिहिलं होतं ते असं:

"नमस्कार काकू, मी तुमच्या पुतणीची वर्गमैत्रीण. तिने माझ्याबद्दल सांगितलं असेलच. 27 तारखेला संध्याकाळच्या गाडीने येते आणि 29 ला सकाळी निघते. स्टेशनवरून चालत येईन, तुम्ही येऊ नका. मी शाकाहारी आहे, अंडं चालतं. सोफ्यावर झोपायची सवय आहे. तुमचं काही काम निघालं किंवा तारखा जमेनाशा झाल्या तर अगदी आदल्या दिवशीसुद्धा सांगा, मी दुसरी सोय करू शकते."

शेवटचं वाक्य मनापासून लिहा आणि खरं ठेवा. त्याबद्दल पुढे सांगतेच.

किती दिवस राहायचं? आपल्याकडची म्हण आहे, "पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई." दोन रात्री, बस्स. एल्गिनला मी तीन राहिले, कारण काकूंनी तिसऱ्या दिवशी बॅग भरूच दिली नाही. पण तो आग्रह त्यांच्याकडून आला. तुम्ही मागताना दोनच मागा.

एकट्याने जाणाऱ्या मुलींसाठी: ज्या घरी तुमचा मित्र किंवा मैत्रीण स्वतः राहिलेली आहे, अशाच घरी जा. "आमच्या ओळखीच्यांच्या ओळखीचे" इथपर्यंत साखळी लांबवू नका. निघण्याआधी एकदा व्हिडिओ कॉलवर बोला. यजमानांनाही ते बरं वाटतं, कोण येतंय ते दिसतं. रोज रात्री कुठे आहे हे एका माणसाला कळवत जा. कुठेही अवघडल्यासारखं वाटलं तर कारण न देता निघता येईल एवढे पैसे कायम वेगळे ठेवा.

कधी जावं

मे आणि जूनची सुरुवात. पश्चिमेकडच्या डोंगराळ भागात वर्षातले त्यातल्या त्यात कोरडे महिने एप्रिल ते जून असतात. मेअखेरीस इनव्हरनेसला सूर्य रात्री दहाच्या सुमाराला मावळतो, त्यामुळे दुपारी पोहोचूनही अख्खा दिवस हातात असतो. डिसेंबरात तोच सूर्य साडेतीनच्या आसपास जातो आणि तुम्ही यजमानांच्या दिवाणखान्यात संध्याकाळभर बसून राहता, जे दोघांनाही जड होतं. ऑगस्टमध्ये एडिनबरात फ्रिंज नावाचा मोठा कला महोत्सव असतो. तेव्हा तिथे कुणाच्या घरी जागा मागू नका, त्यांच्याकडे आधीच पाहुणे असतात आणि बाहेर खाटेचे भाव गगनाला भिडलेले असतात.

उन्हाळ्याला एक काटा आहे, तो म्हणजे मिज. चिलटांसारखे बारीक किडे, थव्याने येतात आणि चावतात. मेअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत पश्चिमेला, पहाटे आणि संध्याकाळी, हवा पडली की त्यांचा जोर असतो. वारा सुटला की नाहीसे होतात. तिथल्याच औषधाच्या दुकानातून मिजसाठीचं मलम किंवा स्प्रे घ्या.

तिकिटं

तुमचं वय 16 ते 25 असेल तर पहिल्याच आठवड्यात 16-25 रेलकार्ड काढा. त्यापेक्षा मोठे असाल आणि पूर्णवेळ विद्यार्थी असाल तरी ते मिळतं; अनेकांना हे माहीतच नसतं. वर्षाचे 35 पौंड, आणि ट्रेनच्या भाड्यात एक तृतीयांश सूट. असल्या एका फेरीत त्याची किंमत जवळपास वसूल होते. कार्ड फोनवर असतं, तेव्हा फोनची बॅटरी संपू देऊ नका. तपासनीसाला कार्ड दाखवता आलं नाही तर सूट धरली जात नाही.

1 सप्टेंबर 2025 पासून स्कॉटरेल या इथल्या रेल्वे कंपनीने गर्दीच्या वेळेचं जादा भाडं कायमचं बंद केलं. त्यामुळे स्कॉटलंडच्या आत सकाळी आठची गाडी आणि दुपारी बाराची गाडी यांत पैशांचा फरक उरलेला नाही. इंग्लंडमधून येणाऱ्यांनी मात्र सीमेपर्यंतची लांब पल्ल्याची तिकिटं आठवडे आधी काढावीत, तिथे उशीर महाग पडतो. रात्रीची बस त्याहून स्वस्त असते, फक्त सकाळी सहाला ग्लासगोत उतरून थेट कुणाच्या दारात उभे राहू नका.

वय 22 च्या आत असेल आणि तुम्ही स्कॉटलंडमध्ये राहून शिकत असाल, तर स्कॉटलंडभर बसप्रवास फुकट आहे. ही योजना 31 जानेवारी 2022 ला सुरू झाली. त्यासाठी यंग स्कॉट नॅशनल एन्टायटलमेंट कार्ड काढावं लागतं आणि ते यायला वेळ लागतो, म्हणून सप्टेंबरातच अर्ज करा. पदवीच्या मुलांना हा फार मोठा फायदा आहे. सिटीलिंक कंपनीच्या लांबच्या बसही त्यात येतात. वय पुढे गेलं असेल तर सिटीलिंकचा एक्सप्लोरर पास पाहा: 5 दिवसांतले 3, 10 दिवसांतले 5 किंवा 16 दिवसांतले 8 दिवस प्रवास करता येतो. माझ्या मार्गात ट्रेन जास्त असल्याने मी तो घेतला नाही. इंग्लंडमध्ये बसभाड्याला जी कमाल मर्यादा आहे ती इथे लागू नाही, हे तिकडून येणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

आणि रविवार. रविवारी खेड्यांकडच्या बस एकदम कमी होतात, कुठेकुठे नसतातच. रविवारी शक्यतो मुक्काम हलवू नका. मी हलवला असता तर एल्गिनच्या काकांना गाडी काढून मला सोडायला यावं लागलं असतं, आणि त्यांचा सुटीचा तोच एक दिवस होता.

मार्ग, जसा मी गेले तसा

ग्लासगो क्वीन स्ट्रीटहून एडिनबराकडे जाणारी गाडी धरा आणि हेमार्केटला उतरून फाइफची गाडी बदला. वेव्हर्ली या एडिनबराच्या मुख्य स्टेशनपर्यंत जायची गरज नाही. पुढे फोर्थ रेल्वे पूल लागतो, 1890 चा, लाल रंगाचा, 2015 पासून जागतिक वारशाच्या यादीत. उत्तरेला जाताना डावीकडे मोटारींचे दोन पूल दिसतात, उजवीकडे खाडीतली बेटं. जून 2024 पासून लीव्हनपर्यंत पुन्हा रेल्वे सुरू झाली आहे, तिथून किनाऱ्याने बस. पिटनवीम, अँस्ट्रदर, क्रेल ही बंदरं चालत जोडता येतात. फाइफ कोस्टल पाथ हा पायरस्ता समुद्राला लागून जातो आणि त्याला एक पेनीही लागत नाही.

दिवस मोकळा असेल तर एडिनबरा त्याच दिवशी करा, पण तिथे राहू नका. स्कॉटलंडचं राष्ट्रीय संग्रहालय आणि नॅशनल गॅलरी दोन्ही विनामूल्य आहेत, आर्थर्स सीट टेकडीची 251 मीटरची चढण तासाभराची. किल्ल्याचं तिकीट महाग आहे. मी बाहेरूनच बघितला आणि शेजारच्या रॅम्सी गार्डनच्या इमारतींपाशी बराच वेळ थांबले. त्या पॅट्रिक गेडिस यांनी उभ्या केल्या. हेच गेडिस 1919 मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले, आणि गो. स. घुर्ये त्यांचे विद्यार्थी. मुंबईत समाजशास्त्र शिकलेल्या माझ्यासारखीला तिथे उभं राहणं किल्ल्याच्या तिकिटापेक्षा मोलाचं होतं.

फाइफहून पुढे सेंट अँड्र्यूजमार्गे लूकर्सला बसने या आणि अॅबर्डीनची गाडी पकडा. टे नदीवरच्या पुलावर उजवीकडे पाण्यात दगडी खुंट दिसतात. ते जुन्या पुलाचे. 28 डिसेंबर 1879 च्या वादळात तो गाडीसकट कोसळला होता. डंडीत गाडी बदलायला वेळ असेल तर व्ही अँड ए हे डिझाइनचं संग्रहालय स्टेशनच्या समोरच आहे, प्रवेश फुकट. अॅबर्डीनला गाडी बदलून एल्गिन. तिथलं कॅथेड्रल 1390 मध्ये जाळलं गेलं, नंतर ओसाड पडलं. त्याचे भग्न मनोरे आजही गावात उभे आहेत.

इनव्हरनेसला सगळे लॉख नेस या सरोवराच्या मागे लागतात. माझं मत विचाराल तर ती बोटीची सफर सोडा आणि बसने फोर्ट्रोजला जा. तिथून चालत शॅनन्री पॉइंट गाठायचं. ओहोटी संपून भरती चढायला लागली की मोरे फर्थ या खाडीतले डॉल्फिन, मासे पकडायला, अगदी किनाऱ्यालगत येतात. आदल्या रात्री भरतीची वेळ बघून ठेवा. मी दोन तास बसले तेव्हा पाच-सहा दिसले. कुलोडनची रणभूमीही गावापासून बसच्या अंतरावर आहे. 16 एप्रिल 1746 ची लढाई जिथे झाली ते माळरान फिरायला पैसे लागत नाहीत, फक्त आतल्या प्रदर्शनाला तिकीट आहे.

इनव्हरनेस ते काइल ऑफ लॉखॅल्श ही अडीच तासांची रेल्वे चुकवू नका. शेवटचा तासभर गाडी समुद्राच्या काठाने जाते. काइलहून बसने पूल ओलांडून पोर्ट्री. पुढे ओल्ड मॅन ऑफ स्टॉर या सुळक्याच्या पायथ्याशी पोर्ट्रीहून बस जाते. चढण दमवणारी, पण वाट स्पष्ट आहे. स्कायवरून परतताना त्याच वाटेने येऊ नका. आर्मडेलहून मॅलेगला कॅलमॅक कंपनीची बोट घ्या. गाडीशिवाय पायी चढणाऱ्या प्रवाशाला ती अगदी स्वस्त पडते. पोर्ट्री ते आर्मडेल बस मोजक्याच आहेत, म्हणून बोटीची वेळ आणि बसची वेळ आधी एकत्र मांडून बघा.

मॅलेगहून फोर्ट विल्यमकडे येताना गाडीत उजवीकडे बसा. ग्लेनफिनन पुलाच्या 21 कमानी आणि खाली लॉख शील त्याच बाजूला दिसतं. वाफेच्या इंजिनाची पर्यटक गाडी याच पुलावरून जाते आणि बरीच महाग आहे. स्कॉटरेलची रोजची गाडीही याच रुळांवरून साध्या भाड्यात जाते. फोर्ट विल्यमला रात्र काढून ग्लासगोला पावणेचार तास. वाटेत रॅनक मूरची दलदल आणि कोरूर नावाचं 408 मीटर उंचीवरचं स्टेशन लागतं, जिथे सार्वजनिक रस्ताच पोहोचत नाही.

पिशवीत काय

बॅग पाठीवर मावेल एवढीच. जिन्यावर चाकांची मोठी सुटकेस वर नेताना यजमानांच्या भिंतींना ओरखडे पडतात. छत्री घेऊ नका, वाऱ्यात ती उलटते. टोपीचं जलरोधक जॅकेट घ्या. नवीन महाग असतं, पण चॅरिटी शॉपमध्ये, म्हणजे वापरलेल्या वस्तूंच्या दुकानात, चांगलं जॅकेट आणि लोकरी स्वेटर थोडक्या पैशांत मिळतात. माझं जॅकेट तसंच घेतलेलं आहे आणि अजून टिकून आहे. स्वतःचा टॉवेल न्या, म्हणजे यजमानांचं धुणं वाढत नाही. घरात घालायला स्वच्छ जाड मोजे. पाण्याची बाटली, नळाचं पाणी सगळीकडे पिण्याजोगं आणि चवीला उत्तम आहे.

भेटवस्तू रिकाम्या हाताने जाऊ नये एवढीच असावी. ग्लासगोत पोलोकशील्ड्सच्या भागात आपली दुकानं आहेत, तिथून मिठाई घेता येते. भारतातून दुधाची मिठाई आणू नका, पेढे-बर्फी सीमाशुल्काच्या नियमांत बसत नाही. चिवडा चालतो. चिक्कीही चालते, पण शेंगदाण्याची ॲलर्जी इथे बऱ्याच जणांना असते आणि ती जिवावर बेतू शकते, म्हणून घरात कुणाला आहे का हे आधी विचारा. मराठी घरी मात्र चकली-चिवड्याइतकं दुसरं काही गोड लागत नाही. एल्गिनच्या काकांनी डबा उघडून आधी नुसता वास घेतला होता.

घरात पाऊल टाकल्यावर

मराठी घरात आपण काका-काकू म्हणून मोकळे होतो. स्कॉटिश घरात ऐंशी वर्षांच्या आजीही स्वतःला नावाने हाक मारायला सांगतात. पहिल्यांदा जीभ अडखळते. मी पहिला दिवस "मिसेस" म्हणून काढला. दुसऱ्या दिवशी आजींनी हात धरून सांगितलं की त्यामुळे त्यांना शाळेत उभं राहिल्यासारखं वाटतं. त्यांनी सांगितलं तसंच बोलवा, मान वागण्यातून दिसतो.

सर्वांत आधी हे समजून घ्या: इथे आग्रहाची रीत नाही. "चहा घेणार का?" याला आपण सवयीने "नको, नको" म्हणतो आणि दुसऱ्यांदा विचारण्याची वाट पाहतो. दुसऱ्यांदा विचारत नाहीत. नाही म्हणजे नाही असं मानून ते तुमच्या शब्दाचा आदर करतात. हवं असेल तर पहिल्याच वेळी हो म्हणा.

"टी" या शब्दाचाही घोळ होतो. स्कॉटलंडमध्ये, विशेषतः जुन्या पिढीत, "कम फॉर युअर टी" म्हणजे चहाला नव्हे, संध्याकाळच्या जेवणाला. पाच-साडेपाचला पूर्ण ताट समोर येतं. मी चहा-बिस्किटं समजून बसस्टॉपवर सँडविच खाऊन गेले, आणि आजींनी दुपारभर खपून केलेलं जेवण मला अर्धं टाकावं लागलं. ती गोष्ट मला अजून लागते. तसंच "मेसेजेस" आणायला जाणं म्हणजे किराणा आणणं. "व्हेअर डू यू स्टे" म्हणजे मुक्काम कुठे असं नव्हे, तुमचं घर कुठे आहे. आणि "हाफ सेव्हन" म्हणजे साडेसात, साडेसहा नव्हे. गाडीची वेळ ठरवताना हा शेवटचा शब्द पक्का करून घ्या.

शाकाहारी म्हणजे काय ते तपशिलात सांगा: मासे नाहीत, अंडं चालतं की नाही. मसूर डाळीचं सूप इथे घरोघरी करतात आणि ते दिसतं आपल्या आमटीसारखं, पण पुष्कळदा त्यात डुकराच्या हाडाचा रस्सा असतो. संकोच न करता विचारा. हॅगिस हा इथला मेंढीच्या मांसाचा पारंपरिक पदार्थ; तो शाकाहारीही मिळतो आणि चांगला लागतो. टॅबलेट नावाची वडी कुणी घरी केलेली दिली तर जरूर घ्या. साखर, लोणी आणि आटवलेल्या दुधाची, दाणेदार, आपल्या कलाकंदाच्या नात्यातली.

स्वयंपाक करून घालायची इच्छा असेल तर फार छान, पण फोडणी जपून. फेब्रुवारी 2022 पासून स्कॉटलंडमधल्या सगळ्या घरांत एकमेकांना जोडलेले धुराचे अलार्म असणं कायद्याने सक्तीचं आहे, म्हणजे एक वाजला की घरातले सगळे वाजतात. आजींकडे मी पोहे करायला घेतले, मोहरी तडतडली, दार उघडं होतं, आणि खालचे-वरचे सगळे अलार्म एकदम सुरू झाले. त्यांचा म्हातारा कुत्रा थरथरत टेबलाखाली शिरला, तो तासभर बाहेर आला नाही. स्वयंपाकघराचं दार बंद, खिडकी उघडी, पंखा चालू आणि मंद आच, एवढं आधी करा.

न्हाणीघराचे दोन प्रश्न पहिल्याच दिवशी विचारा: गरम पाणी कसं सुरू करायचं आणि किती वेळ पुरतं. विजेच्या शॉवरला बऱ्याचदा छतापासून लोंबणारी दोरी ओढावी लागते. टाकीचं पाणी असेल तर तुमच्या लांब आंघोळीमुळे पुढच्या माणसाला गार पाणी मिळतं. फरशीवर पाणी सांडू देऊ नका; निचऱ्याची मोरी नसते आणि खाली गालिचा किंवा लाकूड असतं. थंडी वाजली तर आधी स्वेटर घाला, मग हीटिंगबद्दल विचारा. इथे ते बिल लोकांना खरोखर सोसत नाही.

बशा विसळा, कुत्र्याला फिरवायला न्या, आजींच्या फोनमधले फोटो नीट लावून द्या. दिवसाचे काही तास मुद्दाम बाहेर घालवा, म्हणजे घर त्यांना परत मिळतं. निघायच्या सकाळी चादर-अभ्रे काढून घडी घालून ठेवा. आणि बोलताना स्कॉटलंडला इंग्लंड म्हणू नका, चुकूनही. माणसं "स्कॉटिश" असतात.

डोंगर आणि बेट

2003 च्या जमीन सुधारणा कायद्याने स्कॉटलंडमध्ये जवळपास कुठल्याही मोकळ्या रानातून जबाबदारीने चालण्याचा हक्क दिला आहे. हा हक्क फार मोलाचा आहे, पण तो हवामानापासून वाचवत नाही. बेन नेव्हिस 1345 मीटरचा, म्हणजे कळसूबाईपेक्षा कमीच, तरी माथ्यावर मे महिन्यातही बर्फ असू शकतं आणि ढग मिनिटांत उतरतात. सह्याद्रीत ट्रेक केलेली मुलं इथेच फसतात. नकाशा, गरम कपडे आणि सोबत नसेल तर पायथ्याच्या ग्लेन नेव्हिसमध्ये नदीकाठाने चाला, ते कमी सुंदर नाही. कुठे जाताय आणि कधी परतणार हे यजमानांना सांगून निघा. फोनला पुष्कळ ठिकाणी रेंज नसते. अपघात झाला तर 999 वर पोलीस मागायचे आणि त्यांना माउंटन रेस्क्यू हवं म्हणून सांगायचं. तातडीच्या, पण जिवावर न बेतलेल्या आजारासाठी 111.

घर ऐनवेळी रद्द झालं तर

स्कायला माझं तसंच झालं. मी इनव्हरनेसला असताना निरोप आला की त्या बाईंना बरं नाही. फोनवर त्या माझीच क्षमा मागत होत्या. मी निघतानाच तीन रात्रींच्या खाटेचे पैसे वेगळे ठेवले होते, त्यामुळे मला "काही काळजी करू नका, तुम्ही विश्रांती घ्या" असं मनापासून म्हणता आलं. पोर्ट्रीला हॉस्टेलिंग स्कॉटलंडचं वसतिगृह आहे, फोर्ट विल्यमजवळ ग्लेन नेव्हिसलाही. मेमध्ये पोर्ट्रीच्या खाटा लवकर भरतात, मला दोन रात्रींसाठी शेवटची खाट मिळाली. म्हणून स्कायसाठी तरी रद्द करता येईल असं आरक्षण आधीच करून ठेवा, घर पक्कं असलं तरी. वसतिगृहात स्वयंपाकघर असतं. गावातल्या सुपरमार्केटमध्ये संध्याकाळी पिवळ्या चिठ्ठीचा उतरवलेल्या किमतीचा माल घ्या आणि तिथे शिजवा.

स्कॉटिश बँकांच्या नोटा इंग्लंडला परतण्याआधी खर्चून टाका. चलन एकच आहे, पण तिकडचे काही दुकानदार त्या घ्यायला कचरतात.

परतल्यावर

आठवड्याच्या आत आभाराचं कार्ड, हाताने लिहिलेलं, पोस्टाने. फोनवरचा निरोप वेगळा आणि हे वेगळं. त्यात "सगळं छान होतं" असं मोघम लिहू नका; त्यांच्या घरातली एक नेमकी गोष्ट लिहा. मी आजींना त्यांच्या खिडकीतून दिसणाऱ्या दीपगृहाबद्दल लिहिलं, आणि कुत्र्याची विचारपूस केली. ज्या मैत्रिणीने शब्द टाकला तिलाही कळवा की कसं झालं, तिच्या घरचे तिला विचारतातच.

आणि तुमचा पत्ता त्या कार्डावर लिहा, ग्लासगोला आलात तर या म्हणून. ऑक्टोबरात आजी नातीला भेटायला आल्या तेव्हा आमच्या स्वयंपाकघरात बसल्या होत्या. मी खिडकी उघडली, दार लावलं, पंखा सुरू केला आणि पोहे केले. त्यांनी दोनदा मागून घेतले.